खेड्यातील शाळेची दुर्बीण : निवड, उभारणी व निगा

प्राथमिक शाळेत चंद्रकला, ऋतू, ग्रहणे, ग्रह व तारे हे विषय प्रतिवर्षी शिकविले जातात. फळ्यावरील आकृती आणि पाठ्यपुस्तकातील चित्र यांच्या साहाय्याने हे पाठ पुरे होतात खरे. परंतु ज्या चंद्राचे चित्र मुलाने पुस्तकात पाहिले, तोच चंद्र शाळेच्या पटांगणातून दुर्बिणीने पाहावयास मिळाला, तर त्या पाठाला निराळीच गोडी येते. यास्तव काही शाळा लोकवर्गणीतून अथवा देणगीतून दुर्बीण घेण्याचा विचार करतात. हा विचार स्तुत्य आहे. मात्र पुष्कळदा असे होते की, आणलेली दुर्बीण दोन-चार रात्री वापरली जाते, नंतर कपाटात जाते, ती हाताळणाऱ्या शिक्षकाची बदली होते, आणि नवे शिक्षक मोडतोडीच्या धास्तीने तिला हात लावीत नाहीत. गावाने विश्वासाने दिलेला पैसा अशा रीतीने धूळ खात पडतो, आणि पुढच्या वेळी शाळेने काही मागितले असता गाव हात आखडता घेते.

या लेखात दुर्बिणीची निवड कशी करावी, ती कशी उभारावी आणि ती वर्षानुवर्षे वापरात कशी राहील, याचा विचार केला आहे. केज तालुक्यातील नांदूरघाट व त्याच्या आसपासची गावे डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले असले, तरी जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या शाळेस ते लागू पडेल.

एका मोठ्या दुर्बिणीची हकीकत

महाराष्ट्रात दुर्बिणीचा इतिहास लहान नाही. पुणे येथील विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तेथे २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. त्या काळी हिंदुस्थानात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख होते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा त्यांनी सोलापूर जिल्ह्यात, जेऊर येथे, तळ देऊन वेध घेतले. अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळीही त्याच जेऊरच्या माळावर उतरली होती.

परंतु १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि ती वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनाल येथे पाठविण्यात आली. यंत्र उत्तम होते, त्याला खर्चही मोठा आला होता. परंतु ते चालविणारा माणूस एकच होता.

याच्या उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची ही संस्था पिढ्यामागून पिढ्या चालत आली, कारण तिचा पाया यंत्रावर नसून एकमेकांस शिकविणाऱ्या माणसांवर होता. मुंबईतील खगोल मंडळाचे कार्यही १९८५ पासून याच रीतीने वाढले. शाळेची दुर्बीण घेताना या दोन्ही हकीकती ध्यानात ठेवाव्यात. जी दुर्बीण एकाच व्यक्तीला लावता येते, ती तिच्या बदलीबरोबर संपते. जी पाच शिक्षकांना आणि दहा मुलांना लावता येते, ती टिकते. पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

यंत्राआधी डोळ्यांची तयारी

दुर्बिणीतून आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो. तो तुकडा कोठला, हे ज्याला नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, त्याच्या हाती दुर्बीण देऊन उपयोग नाही. म्हणून पहिले सहा महिने कोणतेही यंत्र न घेता आकाशाची ओळख करून घ्यावी. यासाठी पैसा लागत नाही, आणि खेड्यातील शाळेला या बाबतीत शहरातील शाळेपेक्षा मोठी अनुकूलता आहे. पुण्या-मुंबईच्या आकाशात दिव्यांच्या उजेडामुळे थोडेच तारे उरतात. गावाबाहेरच्या शिवारातून अमावास्येच्या सुमारास आकाशगंगेचा पट्टाही स्पष्ट दिसतो.

शेतकऱ्यांच्या मुलांना रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे पावसाच्या नक्षत्रांमुळे पाठ असतात. 'मृग निघाला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. त्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात लपलेले असतात, आणि हिवाळ्यात मात्र ते संध्याकाळी पूर्वेस उगवतात, ही गोष्ट मुलांना आश्चर्याची वाटते. तेथूनच धड्यास आरंभ करावा. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूस वाढविली असता व्याध सापडतो, दुसऱ्या बाजूस वाढविली असता रोहिणी व त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका सापडतो. सप्तर्षींना कोठे कोठे बाज अथवा खाटले म्हणतात. त्यांपैकी वसिष्ठाशेजारची अरुंधती कोणाकोणास दिसते, याची मुलांत चढाओढ लावावी.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच स्थळाचा अक्षांश असतो. आपल्या भागात तो १९ अंशांहून किंचित कमी उंचीवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली असता ती आकाशात सुमारे १० अंश व्यापते. म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा थोड्या कमी उंचीवर ध्रुव शोधावा. आपले स्थान दक्षिणेकडे असल्याचा एक लाभही आहे. युरोपातील पुस्तकांत ज्याची नोंद सहसा नसते तो अगस्तीचा तारा आपल्याकडे जानेवारी ते मार्च या महिन्यांत संध्याकाळी दक्षिणेस ठळक दिसतो, आणि क्षितिज मोकळे असेल तर एप्रिल-मे महिन्यांत त्रिशंकूही दृष्टीस पडतो. त्यामुळे परदेशी नकाशे जसेच्या तसे वापरू नयेत. मोबाइलवर वा संगणकावर 'स्टेलॅरियम' हा कार्यक्रम घेऊन त्यात आपल्या गावाचे स्थान घातले असता आपल्याच आकाशाचा नकाशा मिळतो.

पहिले यंत्र : द्विनेत्री

शाळेने प्रथम खरेदी करावयाचे यंत्र म्हणजे दोन डोळ्यांची साधी दुर्बीण, अर्थात द्विनेत्री. तिच्यावर '७×५०' अथवा '१०×५०' असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते हे सांगतो, दुसरा आकडा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मि.मी. उघडते, म्हणून ५० मि.मी. व्यासाचे भिंग डोळ्यापेक्षा सुमारे ५० पट अधिक प्रकाश गोळा करते. '२०×', '३०×' असे मोठे आकडे असलेली द्विनेत्री घेऊ नये. तेवढ्या वर्धनाला हाताचा कंपही वाढून दिसतो आणि तारा एका जागी ठरत नाही.

द्विनेत्रीची मोठी सोय अशी की, ती कोणासही तत्काळ वापरता येते आणि दिवसा पक्षी पाहण्याच्या कामीही येते. रात्री ती वापरताना अंगणात बाज टाकून उताणे निजावे व कोपर छातीशी टेकवावेत. त्यामुळे मान अवघडत नाही आणि दृश्य स्थिर राहते. कृत्तिकांमध्ये साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, द्विनेत्रीतून त्यांची संख्या कितीतरी वाढते. मृगाच्या तीन ताऱ्यांखालील धूसर तेजोमेघ, गुरूचे उपग्रह, आणि देवयानीतील आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका, ही सर्व दृश्ये द्विनेत्रीच्या आवाक्यातील आहेत. गुरूच्या उपग्रहांसाठी मात्र ती खिडकीच्या चौकटीवर अथवा खांबावर घट्ट टेकवून धरावी लागते.

शाळेत बनविता येणारी दुर्बीण

दुसरी पायरी म्हणजे मुलांनी स्वतः बनविलेली एक दुर्बीण. चष्म्याच्या दुकानात 'अधिक एक' क्रमांकाचे न कापलेले गोल भिंग मिळते. त्याचे नाभीय अंतर १ मीटर, म्हणजे १००० मि.मी. असते. हे झाले वस्तुभिंग. नेत्रिकेसाठी ५० मि.मी. नाभीय अंतराचे लहान भिंग, अथवा घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसले भिंग घ्यावे. भिंगाचे नाभीय अंतर माहीत नसेल तर दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडून भिंग व कागद यांतील अंतर मोजावे. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले असता वर्धन मिळते : १००० भागिले ५० म्हणजे २० पट. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे उपग्रह शोधले, ते जवळपास एवढ्याच वर्धनाच्या दुर्बिणीने.

नळीसाठी पाणीपुरवठ्याचा प्लॅस्टिकचा नळ अथवा जाड पुठ्ठ्याची गुंडाळी चालते. दोन नळ्या एकमेकींत सरकतील अशा घ्याव्यात. एकूण लांबी सुमारे १०५ सें.मी. भरेल. आतील बाजूस काळा कागद लावावा. वस्तुभिंगावर काळ्या पुठ्ठ्याची चकती बसवून तिच्या मध्यभागी २५ ते ३० मि.मी. व्यासाचे छिद्र ठेवावे. संपूर्ण भिंग उघडे ठेवले तर चंद्राच्या कडांना रंगीत झालर दिसते व प्रतिमा पसरट होते. छिद्र लहान केले की प्रकाश कमी होतो, परंतु प्रतिमा रेखीव होते. हा प्रयोग मुलांकडूनच दोन्ही प्रकारे करवून घ्यावा. चित्र उलटे दिसते, हा दोष नव्हे. आकाशात वर-खाली असा भेद नाही.

अशी दुर्बीण चंद्रावरील विवरे व गुरूचे चार उपग्रह दाखविते. तिला आकार-उकाराचे सौंदर्य नसेल. पण ती मोडली तर पुन्हा बनविता येते, आणि ज्या मुलाने तिच्यात भिंग बसविले त्याला दुर्बिणीचे तत्त्व आयुष्यभर विसरता येत नाही.

विकत घ्यावयाची दुर्बीण : आकडे कसे वाचावेत

या दोन पायऱ्यांनंतरच मोठ्या खरेदीचा विचार करावा. खरेदीत सर्वांत अधिक फसगत वर्धनाच्या आकड्यामुळे होते. खोक्यावर '५२५ पट' असे ठळक छापलेले असते. हा आकडा कोठून येतो ते पाहावे. दुर्बिणीचे नाभीय अंतर ७०० मि.मी. व नेत्रिका ४ मि.मी., म्हणून १७५ पट. त्यात तिप्पट करणारे जादा भिंग घातले की ५२५. गणित बरोबर आहे, पण अशा दुर्बिणीच्या वस्तुभिंगाचा व्यास अवघा ६० मि.मी. असतो. उपयुक्त वर्धनाची कमाल मर्यादा ही व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असते, म्हणजे येथे १२० पट. त्यापलीकडे प्रतिमा मोठी होते, परंतु अधिक काही दिसत नाही; पातळ केलेल्या ताकाप्रमाणे प्रमाण वाढते आणि चव जाते.

म्हणून दुकानदारास वर्धन विचारू नये, व्यास विचारावा. दुर्बीण प्रकाश किती गोळा करते आणि तपशील किती दाखविते, हे दोन्ही व्यासावर अवलंबून असते. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट होतो. १५० मि.मी. व्यासाची दुर्बीण उघड्या डोळ्यापेक्षा सुमारे ४५० पट प्रकाश गोळा करते.

दुर्बिणीचे मुख्य प्रकार दोन. भिंगाची दुर्बीण बंद नळीची असते, तिला निगा कमी लागते. परंतु मोठ्या व्यासात ती फार महाग पडते. आरशाची दुर्बीण न्यूटनने १६६८ साली प्रथम बनविली. तिच्यात तळाशी अंतर्गोल आरसा असतो व नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाशी बाजूस असते. तेवढ्याच पैशांत तिचा व्यास मोठा मिळतो, आणि रंगीत झालर येत नाही. शाळेसाठी ११४ ते १५० मि.मी. व्यासाची आरशाची दुर्बीण सर्वांत सोयीची होय. तिच्यासोबत दोनच नेत्रिका घ्याव्यात : एक २५ मि.मी.ची व दुसरी १० मि.मी.ची. नळीचे नाभीय अंतर १२०० मि.मी. असेल तर त्यांपासून ४८ व १२० पट वर्धन मिळते, आणि शाळेस लागणारे सर्व काम तेवढ्यात होते.

बैठक : निम्मी दुर्बीण

दुर्बिणीची नळी जितकी महत्त्वाची, तितकीच तिची बैठक महत्त्वाची. स्वस्त दुर्बिणींना बारीक पायांची तिवई असते. मुलाने नेत्रिकेला पापणी लावली की ती हलते, आणि चंद्र दृष्टीतून निघून जातो. मागे उभ्या असलेल्या तीस मुलांची रांग तिष्ठत राहते, शिक्षक वैतागतात, आणि पुढल्या खेपेस दुर्बीण बाहेर येत नाही.

यावरील उपाय जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत प्रचारात आणला. रस्त्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यास आकाश दाखविणाऱ्या या गृहस्थांनी लाकडी पेटीची बैठक वापरली. पेटी जमिनीवर गोल फिरते व नळी तिच्यात वर-खाली होते. स्क्रू, दंतचक्रे यांपैकी काहीच नाही. तोफेचा गाडा असतो तसलाच हा प्रकार. जाड प्लायवूड मिळाल्यास गावचा सुतार ही बैठक बनवू शकेल. चौथीतील मूलही ती हलवू शकते. परिणामी, शाळेसाठी डॉब्सनच्या बैठकीची आरशाची दुर्बीण घ्यावी, असे निःशंकपणे सुचविता येते. विषुववृत्तीय बैठक व मोटारीवर चालणारी यंत्रणा ही छायाचित्रे घेणाऱ्यांची गरज आहे. शाळेत तिच्या जोडणीतच संध्याकाळ संपते.

पृथ्वीच्या भ्रमणामुळे प्रत्येक तारा दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून सरकत असतो. सर्वसाधारण नेत्रिकेतून ४८ पट वर्धनास तो सुमारे ४ मिनिटे राहतो, १२० पटींस सुमारे दीड मिनिट, आणि ३०० पटींस अवघी ४० सेकंदे. रांगेतील प्रत्येक मुलास एक मिनिट दिले तर ४८ पटींत तीन-चार मुले पाहून होतात व मग दुर्बीण किंचित सरकवावी लागते. वर्गासाठी कमी वर्धन हेच अधिक उपयोगाचे का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

निरीक्षणाची रात्र केव्हा ठरवावी

पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीस चांगला नव्हे. सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने विवरांच्या सावल्या दिसत नाहीत. शुद्ध षष्ठीपासून दशमीपर्यंतचा चंद्र उत्तम. उजेड व अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांब पडतात. तारकापुंज व तेजोमेघ पाहावयाचे असतील तर मात्र वद्य पक्षाची अखेर निवडावी.

आपल्या जिल्ह्याला याहून महत्त्वाचा एक विचार करणे भाग आहे. पावसाळा सरल्यानंतर आकाश स्वच्छ होते आणि हिवाळाभर ते तसे राहते. परंतु नेमक्या याच काळात, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोडीस जाणारी कुटुंबे गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. 'थंडीत सावकाश कार्यक्रम करू' असे ठरविले, तर ज्या मुलांना शाळेचा ओढा लागणे सर्वाधिक आवश्यक आहे, तीच मुले नेमकी त्या रात्री नसतात. म्हणून वर्षातील पहिली निरीक्षणरात्र नवरात्रातील अष्टमीच्या सुमारास ठेवावी. त्या दिवशी चंद्र अर्धा असतो, संध्याकाळीच तो आकाशात असतो, आणि गाव जागे असते. दुसरी रात्र चैत्र शुद्ध अष्टमीच्या सुमारास, म्हणजे रामनवमीच्या आसपास ठेवावी. तोवर बरीच कुटुंबे परतलेली असतात.

जी मुले आईवडिलांबरोबर जातात त्यांना जाण्यापूर्वी एक वही द्यावी. फडावर कोपीबाहेर दिसणारे आकाश तेच असते. चंद्र कोणत्या तिथीस कोठे दिसला, व्याध किती वाजता उगवला, अगस्ती प्रथम केव्हा दिसला, एवढ्याच नोंदी त्यांनी कराव्यात. परतल्यावर गावात राहिलेल्या मुलांच्या नोंदींशी त्या ताडून पाहाव्यात. ज्या गावी हंगामी वसतिगृह चालते, तेथे तर मुले रात्री एकत्रच असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवण्यास कोणताही खर्च नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी काही लहान सूचना : दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊन प्रतिमा स्थिर होते. फरशी वा पत्र्याच्या छपरापेक्षा मातीचे अंगण बरे. तापलेल्या छपरावरून निघणारी हवा चित्र थरथरविते. शोधक दुर्बीण दिवसाच, सूर्याच्या विरुद्ध दिशेकडील दूरच्या खांबावर जुळवून घ्यावी. अंधारास डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून विजेरीवर लाल कागद बांधावा व मोबाइल खिशात ठेवण्यास सांगावे. लहान मुलांसाठी एक पक्के स्टूल असावे. आणि प्रथम पालकांना नव्हे, मुलांना पाहू द्यावे.

मुलांच्या अपेक्षा आधीच जमिनीवर आणाव्यात. पुस्तकांतील रंगीत चित्रे दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. डोळ्याला तेजोमेघ करड्या धुरासारखाच दिसतो. शनी लहान दिसतो, पण त्याचे कडे ओळखता येते. मार्च २०२५ मध्ये ही कडी पृथ्वीवरून कडेच्या बाजूने, जवळजवळ रेषेप्रमाणे दिसण्याच्या स्थितीत होती. त्यानंतर ती वर्षागणिक अधिकाधिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडलेली दिसतील. आज दुसरीत असलेले मूल शाळा सोडीपर्यंत हा बदल प्रतिवर्षी चित्र काढून नोंदवू शकेल.

सूर्याविषयी कडक नियम

दुर्बिणीतून अथवा द्विनेत्रीतून सूर्याकडे पाहिल्यास क्षणार्धात दृष्टी कायमची जाते. डोळ्याच्या पडद्यास वेदना होत नसल्याने इजा झाल्याचे तत्काळ कळतही नाही. यास्तव दिवसा दुर्बीण कुलपात ठेवावी व मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेस लावावयाची गडद काच मिळते. उष्णतेने ती तडकते. खोके उघडताच ती काढून फोडून टाकावी. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, थाळीतील पाणी, ही कोणतीही साधने सुरक्षित नाहीत. सूर्यग्रहणाचे चष्मे आय.एस.ओ. १२३१२-२ या प्रमाणाचे असावेत, आणि ते घालून दुर्बिणीत मुळीच पाहू नये.

सूर्य दाखविण्याचा निर्धोक उपाय पुढीलप्रमाणे. एका लहान आरशावर काळा कागद चिकटवून मध्यभागी १ सें.मी. व्यासाचे छिद्र ठेवावे. आरसा उन्हात ठेवून त्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर पाडावा. अंतर २० मीटर असेल तर सूर्याची सुमारे १८ सें.मी. व्यासाची प्रतिमा मिळते, आणि संपूर्ण वर्ग भिंतीकडे पाहत, सूर्याकडे पाठ करून, ग्रहण पाहू शकतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसण्याचा योग आहे. दिवस शाळेचा आहे. ढगांनी साथ दिल्यास हा आरसा उपयोगी पडेल. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास खग्रास चंद्रग्रहण आहे. ते पाहण्यास कोणत्याही संरक्षणाची आवश्यकता नाही.

अंगणात रोवलेली सरळ काठी हेही यंत्रच होय. तिची सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या बाराला पडत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असून आपण तिच्या पश्चिमेस आहोत. म्हणून आपला मध्यान्ह सरासरी २६-२७ मिनिटे उशिरा होतो. मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरच्या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. मे महिन्यात सुटी व जुलैत ढग ही अडचण खरी. तेव्हा मे महिन्याचे काम गावातील मुलांस घरी करावयास द्यावे.

निगा व हस्तांतर

आरशावर धूळ दिसली तरी तो रुमालाने पुसू नये. त्यावरील धातूचा थर नाजूक असतो आणि धुळीच्या कणांनी चरे पडतात. थोड्या धुळीने दृश्यात फरक पडत नाही. रबरी फुग्याने हवा मारणे पुरेसे असते. पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगांवर बुरशी चढते. म्हणून नेत्रिका घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. दुर्बीण वापरून झाल्यावर दव सुकल्याखेरीज झाकण लावू नये. वाहतुकीने आरसा किंचित हलतो; तो पुन्हा नीट जुळविण्याची रीत विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळीच प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

मोडतोडीची भीती दूर करण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने आरंभीच ठराव करावा की, दुर्बीण ही वापरण्यासाठी असून रीतसर वापरात झालेल्या किरकोळ नुकसानीची जबाबदारी कोणा एका शिक्षकावर टाकली जाणार नाही. साठा नोंदवहीत तिची नोंद करताना प्रत्येक नेत्रिका व झाकण स्वतंत्र लिहावे. त्याशिवाय एक वापर-वही ठेवावी. तीत तारीख, तिथी, काय पाहिले, किती मुलांनी पाहिले व कोणी दुर्बीण लावली, एवढे लिहावे. प्रतिवर्षी किमान दोन शिक्षक व वरच्या वर्गातील चार विद्यार्थी यांना दुर्बीण लावण्यास शिकवावे; विद्यार्थ्यांत निम्म्या मुली असाव्यात. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार सोपविताना किल्लीबरोबर एक रात्र नव्या शिक्षकासमवेत दुर्बिणीपाशी घालवावी.

अधिक शिक्षणाची इच्छा असणाऱ्यांस महाराष्ट्रात मार्ग मोकळे आहेत. पुण्याच्या आयुका या संस्थेने शिक्षकांसाठी दुर्बीण बनविण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत, आणि वर उल्लेखिलेली हौशी मंडळे नवख्यांना साह्य करतात. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ सालचा मोठा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षकच होते, याचे स्मरण शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य ठेवावे.

सारांश, क्रम असा : प्रथम उघडे डोळे, मग द्विनेत्री, मग मुलांनी बनविलेली दुर्बीण, आणि शेवटी, गाव व शाळा तयार झाल्यावर, मजबूत बैठकीची मोठी दुर्बीण. पैसा कमी असेल तर क्रम मध्येच थांबविण्यास हरकत नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवरही वर्षानुवर्षे काम करता येते. वर्षअखेरीस दुर्बिणीचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास वापर-वही उघडावी आणि तीत किती मुलांची नावे आहेत ती मोजावीत. फडावरून परत आलेल्या मुलांची नावे त्यांत असतील, तर ती खरेदी सत्कारणी लागली असे समजावे.